टोकियो सोनाटा (२००८): शेवटी ते घर परत जुळलं असं तुम्हाला वाटतं का? (स्पॉयलर आहेत)

रानवारा:
कियोशी कुरोसावाचा 'टोकियो सोनाटा' परत बघितला आणि डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. कुणी कुणी बघितलाय? ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा, मी शेवटापर्यंत सगळं लिहिणार आहे.

गोष्ट अशी. टोकियोत रेल्वेलाइनला लागून एक साधं घर. बाप ऱ्युहेई सासाकी एका कंपनीत प्रशासन विभागाचा प्रमुख. कंपनी ते काम चीनमध्ये हलवते कारण तिथली माणसं स्वस्तात मिळतात, आणि याला विचारतात की तुम्ही कंपनीसाठी दुसरं काय करू शकता? याच्याकडे उत्तर नसतं. टेबल आवरून सामान पिशव्यांत भरतो आणि निघतो. घरी मात्र सांगत नाही. रोज सूट घालून, बॅग घेऊन बाहेर पडतो, रोजगार केंद्राच्या जिन्यावरच्या रांगेत उभा राहतो, दुपारी बागेत फुकट जेवण वाटतात तिथे जेवतो आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यासारखा घरी. बायको मेगुमी. मोठा मुलगा ताकाशी, त्याला अमेरिकन सैन्यात जायचंय. धाकटा केन्जी, सहावीतला, त्याला पियानो शिकायचाय. बाप दोघांनाही नाही म्हणतो, दोघंही ऐकत नाहीत.

बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की नोकरी गेली आणि घर मोडलं. मला हे पटत नाही. ते जेवणाचं दृश्य आठवा, चौघं टेबलाशी बसलेत, बाप बिअर पितोय, आणि त्याची बिअर पिऊन होईपर्यंत बाकीचे तिघं चॉपस्टिक्सना हात न लावता गप्प बसलेत. कुणी काही बोलत नाही. त्या घरात एकमेकांना बांधणारं एवढंच काय ते होतं, बाप जेवायला लागला की सगळ्यांनी जेवायचं. पगार गेल्यावर त्यालाही आधार राहिला नाही, इतकंच.

आता प्रश्न. शेवटी केन्जी संगीताच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत देब्युसीचं 'क्लेर द ल्यून' वाजवतो, आईबाप मागे बसून ऐकतात, बापाचे डोळे भरलेले, आणि वाजवून झालं की तिघं उठून एकत्र बाहेर पडतात. पिक्चर संपला. ते घर परत जुळलं का? माझं मत नंतर लिहीन, आधी तुमचं ऐकायचंय.

गोटीसोडा:
कुरोसावा म्हणजे 'राशोमन' सिनेमावाले अकिरा कुरोसावा का? त्यांचा मुलगा वगैरे?

टोकियोकर:
@गोटीसोडा, नाही हो, काही नातं नाही, फक्त आडनाव सारखं. हे कियोशी कुरोसावा मुख्यतः भयपटांसाठी ओळखले जातात, 'क्युअर' (१९९७) आणि 'पल्स' (२००१) बघा, पण एकटे असाल तर दिवसा बघा. टोकियो सोनाटाला २००८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अन सर्तें रिगार या विभागात ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. मूळ पटकथा मॅक्स मॅनिक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाची, मग कुरोसावा आणि साचिको तानाका यांनी त्यावर काम केलं.

रानवारा, धागा छान. मी टोकियोशेजारच्या कावासाकीत राहतो, बरीच वर्षं झाली. इथे हॅलो वर्क म्हणजे सरकारी रोजगार केंद्र, तिथलं वातावरण सिनेमात अगदी तसंच आलंय. कुणी मोठ्याने बोलत नाही. समोरची बाई अतिशय नम्रपणे सांगते की तुमच्या आधीच्या पदाचं, आधीच्या पगाराचं काही मिळणार नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, असं तिथे जाऊन आलेला माझा एक शेजारी म्हणाला होता.

सायली_प:
बघितलाय आणि पहिल्यांदा बघितल्यावर दोन दिवस मला कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं.

सगळे बापाबद्दल लिहितात, पण माझ्यासाठी हा मेगुमीचा सिनेमा आहे. पहिलंच दृश्य बघा ना. वादळ, वाऱ्याने पेपर उडतायत, काचेच्या दारातून पाऊस आत येतोय. ती धावत येऊन दार लावते, गुडघ्यावर बसून जमीन पुसते, आणि पुसता पुसता थांबून ते दार परत उघडते आणि बाहेर बघत राहते. दीड-दोन मिनिटांत तिचं सगळं सांगून झालं. ती घरात डोनट करते, कुणी खात नाही. ती गाडीचं लायसन्स काढते आणि शोरूममध्ये उघड्या टपाच्या गाडीत नुसती बसून येते. आणि ते सोफ्यावरचं... ती आडवी पडलीये, नवरा उशिरा आलाय, ती दोन्ही हात वर करून म्हणते मला ओढून उठवा. तो तोवर निघून गेलेला असतो. हात तसेच हवेत. मग ती परत म्हणते, कुणीतरी ओढा मला. खोलीत कुणीच नाही.

माझी आई दुपारी सगळं आवरल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची, आम्ही अभ्यास करत असायचो, आणि तिला काही हवंय का हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. हे दृश्य बघताना मला तीच दिसत होती.

मेगुमी झालेली क्योको कोइझुमी ऐंशीच्या दशकातली प्रचंड लोकप्रिय पॉप गायिका, हे मला नंतर कळलं. इतका थकलेला चेहरा तिने कुठून आणला असेल?

नाबाद:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पहिला तास जबरदस्त, त्याबद्दल वादच नाही. पण तो चोर घरात शिरतो तिथून गाडी रुळावरून घसरते. एका दिवसात आईला चोर ओलीस धरतो, मॉलमध्ये सफाईचं काम धरलेल्या बापाला तिथल्या टॉयलेटमध्ये नोटांनी भरलेलं पाकीट सापडतं आणि मग त्याला गाडी उडवते, आणि पोरगा बसमध्ये चोरून शिरला म्हणून पोलीस कोठडीत. सगळं एकाच रात्रीत! हे काय लॉजिक आहे? ज्या दिग्दर्शकाने इतकी बारीक, खरी मांडणी केली त्याला शेवटी इतके योगायोग का लागावेत. आणि चोर म्हणून कोजी याकुशोसारखा कसलेला नट, आणि त्याला बावळटासारखी धावपळ करायला लावलीये.

आणि दुसरं, पगार बंद झाला हे बायकोला कळणार नाही? जपानमध्ये तर पगार बायकोच्या हातात असतो म्हणतात.

टोकियोकर:
@नाबाद, दुसरा मुद्दा बरोबर आहे, इथे अजूनही खूप घरांत हिशोब बायको बघते आणि नवऱ्याला महिन्याचा हातखर्च ठरवून देते. म्हणूनच मला वाटतं मेगुमीला बरंच आधी कळलेलं आहे. पुढे भांडणात ती ते बोलूनही दाखवते. ती इतके दिवस गप्प बसली याचाच मला जास्त धक्का बसला. तो लपवतोय आणि ती त्याचं लपवणं सांभाळतेय. एकाच घरात दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवतायत!

दादरकर_काका:
मी आयुष्यभर कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढलं. नव्वदीनंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या तेव्हा माणसांना समोर बसवून कागद पुढे सरकवायचं काम माझ्याकडे होतं. नाव स्वेच्छा, पण इच्छा कुणाची विचारू नका. त्यामुळे हा सिनेमा मी बघितला तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघितला असं म्हणा.

आमच्याकडचे एक हेडक्लार्क होते, त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन तीच लोकल पकडायचे, फोर्टात उतरायचे आणि एशियाटिकच्या पायऱ्यांवर पेपर वाचत बसायचे. मला एकदा दिसले. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात उभा होतो तोच त्यांनी घड्याळ बघितलं आणि घाईत असल्यासारखे चालू लागले. कुठे जाणार होते? सिनेमातला तो कुरोसू आठवा, ऱ्युहेईचा वर्गमित्र, तोही बेकार, त्याने मोबाइल असा लावून ठेवलाय की तासाला पाच वेळा आपोआप वाजतो आणि हा उचलून कामाचं बोलल्यासारखं बोलतो. थिएटरात लोक हसले होते त्यावर. मला नाही हसू आलं.

तो कुरोसू ऱ्युहेईला सहकारी म्हणून घरी जेवायला नेतो, बायको-मुलीसमोर नाटक करायला. शाळकरी मुलगी ऱ्युहेईला बाजूला गाठून एवढंच बोलते की तुम्हालाही बराच त्रास होत असेल ना. म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. पुढे ऱ्युहेई त्या घरी जातो तेव्हा कळतं की नवरा-बायको दोघंही गेले, घरात गॅस सोडून. मुलगी वाचली.

त्या काळात जपानमध्ये १९९८ पासून २०११ पर्यंत दरवर्षी तीस हजारांवर आत्महत्या होत होत्या. कुरोसू हा दिग्दर्शकाने धक्का द्यायला घातलेला माणूस नव्हे, तो त्या आकड्यातला एक आहे.

गोटीसोडा:
काका 🙏 काही बोलायला सुचत नाहीये.

मी आजच बघायला घेतलाय, अर्धा झाला. तो मुलाखतीचा सीन! तुम्हाला काय येतं विचारल्यावर हा म्हणतो कॅराओके चांगलं गातो, आणि तो पोरगेला साहेब म्हणतो मग गाऊन दाखवा, हातात पेन धरायला लावतो माइकसारखं. पॉज करून पाणी पिऊन आलो.

सायली_प:
@गोटीसोडा, पुढचा बघून या मग बोलू. @काका, त्या हेडक्लार्कांच्या घरी नंतर कळलं का?

दादरकर_काका:
@सायली, कळलं असणार, अशी गोष्ट राहत नाही. पण मी विचारायला गेलो नाही. मिळालेल्या रकमेतून त्यांनी पुढे डोंबिवलीला मुलाला झेरॉक्सचं दुकान काढून दिलं एवढं कानावर आलं, आणि मुलगा ते चांगलं चालवत होता.

स्वरदा:
मी पाश्चात्त्य संगीत शिकवते, मुलांना पियानो. त्यामुळे माझी तक्रार नेमकी शेवटावर असायला हवी होती. 'क्लेर द ल्यून' म्हणजे पाच फ्लॅटचा, म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या लागणारा डी फ्लॅट मेजर, नऊ-आठचा ताल, आणि तो ताल असा वाहता ठेवायचा की ऐकणाऱ्याला मात्रा मोजता येऊ नयेत. काही महिने शिकलेला मुलगा ते असं वाजवेल? माझ्या वर्गात तरी नाही. त्याची शिक्षिका त्याला असामान्य म्हणते, ते मानलं तरी नाही.

तरी तक्रार करवत नाही, कारण त्याआधी त्याचं शिकणं ज्या पद्धतीने दाखवलंय ते फार खरं आहे. तो घरी न सांगता शाळेच्या जेवणाचे पैसे फीला देतो. कचऱ्यात टाकलेला एक बंद कीबोर्ड उचलून आणतो आणि खोलीत त्यावर सराव करतो. त्यातून आवाज येत नाही! मुलाची बोटं फिरतायत, त्याला ऐकू येतंय, आपल्याला काहीच नाही. बाप वाद घालतो, हात उचलतो, आणि झटापटीत मुलगा जिन्यावरून खाली पडून डोक्याला लागून दवाखान्यात जातो, आणि तोवर त्या मुलाचं वाजवणं घरातल्या एकानेही ऐकलेलं नाही. परीक्षेत आईबाप पहिल्यांदा ऐकतात. म्हणून तो शेवट मला खोटा वाटत नाही. आपल्या घरात इतके दिवस काय चाललं होतं हे त्यांना तिथे, परक्या लोकांच्या खोलीत, कळतंय.

नाबाद:
@स्वरदा, हे मस्त सांगितलंत. पण मग सांगा, बापाने पियानोला नाही का म्हटलं? पैशाचं कारण तर तो सांगूच शकत नाही ना, कारण सांगितलं तर नोकरीचं बाहेर येईल.

स्वरदा:
त्याच्याकडे कारणच नव्हतं. एकदा नाही म्हटलं आता मागे घेतलं तर बाप म्हणून आपली किंमत राहणार नाही, एवढंच. तो हे जवळजवळ याच शब्दांत मेगुमीला सांगतो, आणि ती म्हणते खड्ड्यात गेला तुमचा अधिकार. पूर्ण सिनेमात तिचा आवाज एवढा एकदाच चढतो.

आणि शाळेतही तेच, बघा. मास्तर केन्जीला विनाकारण दमात घेतात, केन्जी भर वर्गात सांगून टाकतो की मी तुम्हाला ट्रेनमध्ये अश्लील मांगा (जपानी कॉमिक) वाचताना पाहिलंय. झालं, त्या दिवसापासून त्या मास्तरांचं वर्गात कुणी ऐकत नाही. मुलगा नंतर माफी मागायला जातो पण उपयोग नसतो.

टोकियोकर:
थोडं अवांतर. सिनेमा मे २००८ मध्ये कानला दाखवला, म्हणजे लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडून जगभर मंदी यायच्या आधी. जपानमध्ये लागला सप्टेंबरअखेर, लेहमन बुडून दोन आठवडे झाले होते. आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये कंत्राटी नोकऱ्या गेलेल्या, त्याबरोबर कंपनीची खोलीही गेलेल्या शेकडो लोकांसाठी स्वयंसेवी संघटनांनी तंबू टाकले, गरम जेवण वाटलं. मंत्रालयांच्या इमारती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सिनेमातली बागेतली जेवणाची रांग बघून आधी काहींना अतिशयोक्ती वाटली असेल, चार महिन्यांत ती टीव्हीवर रोज दिसत होती.

अजून एक. बाप झालेला तेरुयुकी कागावा. त्याचे वडील काबुकीतले, म्हणजे जपानी पारंपरिक रंगभूमीवरचे फार मोठे नट, तो अगदी लहान असताना ते घर सोडून गेले. २०१२ मध्ये, वय ४६, त्याने स्वतः काबुकीत पाऊल ठेवलं आणि इचिकावा चूशा हे नाव घेतलं. त्या वयात कुणी काबुकी सुरू करत नाही, तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात होते. मला तो ऱ्युहेईच्या भूमिकेत बघताना हे आठवत राहतं.

गोटीसोडा:
बघून झाला. रात्रीचा एक वाजलाय. नाबाद, मी तुमच्याशी असहमत, चोराचा भाग मला सगळ्यात आवडला. त्या माणसाला चोरीसुद्धा धड जमत नाही, आणि मेगुमीला पळून जायची संधी मिळते तरी ती परत गाडीत येऊन बसते! ती बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठरवून कुठेतरी निघालीये, भले सुरी दाखवणाऱ्या माणसाबरोबर. मॉलमध्ये नवरा सफाई कामगाराच्या लाल कपड्यात समोर येतो आणि पळत सुटतो, तेव्हा ती त्याच्या मागेही जात नाही. आणि पडद्यावर 'तीन तास आधी' येतं तेव्हा मी तर उठून उभाच राहिलो.

नाबाद:
@गोटीसोडा, परत गाडीत येऊन बसते हा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात होता पण असा विचार नव्हता केला. योगायोगांचं मात्र मला अजूनही खटकतंच. पाकीट सापडणं तरी काढायचं.

दादरकर_काका:
नाबाद, पाकीट काढून कसं चालेल? रात्रभर रस्त्याकडेला पाचोळ्यात पडलेला तो माणूस सकाळी उठतो, आणि ते पैसे हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकून घरी जातो. इतके महिने तो जे जे करत होता ते लोकांनी बघावं म्हणून, सूट, बॅग, सगळं. हे एक काम त्याने कुणी बघत नसताना केलं. आणि पुढे तो तीच सफाईची नोकरी करतो, लाज न बाळगता.

रानवारा:
सगळ्यांचे आभार, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझं मत.

त्या रात्रीनंतरची सकाळ बघा. तिघं वेगवेगळ्या वाटांनी घरी येतात. केन्जी कोठडीतून, मेगुमी चोराबरोबर गेलेल्या समुद्रावरून, ऱ्युहेई मळलेल्या लाल कपड्यात. मेगुमी खायला वाढते, तिघं खातात. कुणी विचारत नाही कुठे होतास. आणि यावेळी बापाची बिअर संपायची कुणी वाट बघत नाही. तो शेवटी आला आणि बसून खायला लागला. मला तिथे वाटतं की जुळलं. त्या जुन्या घरासारखं नाही, ते घर गेलंच, पण तीन भुकेली माणसं आपल्याआपण एका टेबलाशी आली, कुणी बोलावलं नव्हतं. कबुली नाही, रडारड नाही, माफी नाही, आणि मला ती हवीही नव्हती. इतर जपानी सिनेमांत, म्हणजे 'हार्मोनियम' (२०१६) बघा, तिथे घर एकदा उघडं पडल्यावर दिग्दर्शक कुणालाही सोडत नाही. इथे सोडलंय.

सायली_प:
रानवारा, मी अर्धीच सहमत. तुम्ही 'तिघं' लिहिलंत, सगळेच तिघं म्हणतायत. ते चौघं आहेत.

ताकाशी कुठे आहे? रात्री रस्त्यावर टिशूची पाकिटं वाटायचं काम करणारा तो मुलगा, ज्याला या देशात आपल्याला काही काम नाही असं वाटून दुसऱ्याच्या युद्धात जायचं होतं. बापाने नाही म्हटलं, आई बसपर्यंत सोडायला गेली. तिथे तो तिला सांगतो की तू घटस्फोट घेऊन टाक. घरातला तो एकटा आहे ज्याने तिच्याकडे नीट बघितलं! शेवटी त्याचं पत्र येतं की मी इकडेच राहणार, इथली माणसं समजून घ्यायचीयेत. पियानोच्या खोलीत त्याची खुर्ची नाही. त्याच्या आईने त्या रात्री समुद्रावर काय बघितलं हे त्याला माहीत नाही आणि भावाला पियानो येतो हेही बहुतेक माहीत नाही.

माझी बहीण घरातल्या भांडणानंतर परदेशी गेली आणि आम्ही इकडचे सगळे कालांतराने छान झालो, बोलायला लागलो, सण करायला लागलो. पण ते छान होणं तिच्याशिवायचं आहे, आणि आम्ही तिला फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो तेव्हा ती गप्प होते. त्यामुळे जुळलं का हे मी ताकाशीला विचारीन.

टोकियोकर:
+१. मोठ्या मुलाबद्दल इथेही फार कमी लिहिलं गेलंय. जपानी नागरिकांना अशी अमेरिकन सैन्यात भरती प्रत्यक्षात नव्हती, ते कुरोसावांनी कल्पलेलं आहे, म्हणून लोक तो धागा बाजूला ठेवतात. पण सैन्य न बाळगण्याचं राज्यघटनेत लिहून ठेवलेल्या देशातला मुलगा हे मागतोय, आणि बाप त्याला फक्त 'नाही' म्हणतो, का नाही ते त्याला सांगताच येत नाही. मी तुमचं रक्षण करतोय म्हणतो तो, आणि मुलगा विचारतो की बाबा, तुम्ही रोज नक्की काय करता? त्या दिवशीही तो बागेतल्या रांगेतूनच आलेला असतो.

रानवारा:
सायली, खरंय, माझ्या गणतीत तो नव्हताच. आता ते पत्र वाचतानाचं मेगुमीचं दृश्य परत लावून बघते.

नाबाद:
बघितलंत की इथे लिहा. मीही चोराच्या भागापासून परत लावतोय, यावेळी ताकाशीकडे लक्ष ठेवून. काका, जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोकियो स्टोरी'वर वेगळा धागा काढा ना, १९५३ मधलं ते घर आणि हे घर शेजारी ठेवून वाचायला आवडेल.

दादरकर_काका:
काढतो. प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या खेळाला तो पहिल्यांदा बघितला होता, त्याबद्दलही लिहीन. टायपिंग हळू आहे माझं, रविवारपर्यंत धीर धरा.